परिचयातल्या त्या ओळी आम्ही काढणार नाही : मंडळाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

कार्यकारिणीतल्या सर्व ताई-दादा, काका-काकू आणि वहिनींना,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मंडळाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि बाकीच्यांना कळून काही फायदा नाही, कारण अमेरिकेतल्या कुठल्याही मंडळात हे होऊ शकलं असतं. तर झालं असं की महिला दिनाच्या कार्यक्रमात आमच्या कोरसने चार गाणी म्हणावीत असं तुमच्याच सांस्कृतिक समितीने सुचवलं, मी फक्त हो म्हणाले आणि तिकडे विचारलं, त्यांनाही आनंद झाला. आमच्या डायरेक्टर बाईंनी परिचय पाठवला, एक पानाचा, आजवर कुठे कुठे आणि कशासाठी कॉन्सर्ट केले त्याची यादी. तो परत आला तेव्हा त्यात लाल रंगाने काटछाट. चर्चमधला ख्रिसमसचा कॉन्सर्ट ठेवलाय, हॉस्पिटलमधला ठेवलाय, लायब्ररीतला ठेवलाय. काढलं काय, तर पहिल्याच वाक्यातलं 'स्त्रीवादी आणि लेस्बियन बायकांचा कोरस', प्राइडमधलं, म्हणजे समलिंगी लोकांच्या मिरवणुकीतलं, गाणं, मुलांचा ताबा मिळवायला कोर्टात गेलेल्या आयांच्या वकिलाच्या फीसाठी केलेला कॉन्सर्ट, आणि मारहाणीतून सुटून आलेल्या बायकांच्या शेल्टरसाठी दरवर्षी होतो तो. खाली नोट, की आपला फॅमिली ऑडियन्स आहे, तेवढं सांभाळून घ्या, गाणी छानच आहेत.

शेल्टर का काढलं हे मला अजून समजलेलं नाही. बहुतेक पेनाच्या ओघात गेलं.

मग सेक्रेटरी वहिनींचा फोन आला. त्या माझ्याशी नेहमीच प्रेमाने बोलतात, त्या दिवशीही बोलल्या, "अगं गाणी महत्त्वाची ना, परिचय कोण ऐकतं, लोक तेव्हा चहा घेत असतात." वहिनी, लोक चहाच घेत असतील तर मग राहू द्या की त्या ओळी. पण तसं नाहीये हे तुम्हालाही माहितीये, म्हणून तर फोन केलात.

माझं म्हणणं एवढंच आहे की तुम्हाला जी गाणी छान वाटली ती त्या यादीतल्या खोडलेल्या भागातूनच आलीत. ती यादी काढून गाणी ठेवता येत नाहीत. आणि हे कार्यकारिणीला फोनवर समजावून सांगण्यासारखं नाही म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमच्या छोट्याशा कोरसचं राहू द्या, ज्यांच्याकडे बघून असे कोरस गावोगावी उभे राहिले त्यांचं सांगते. १९७५ साली फिलाडेल्फियात कॅथरीन रोमा नावाच्या एका तरुण संगीत शिकलेल्या बाईने 'ॲना क्रूसिस' हा बायकांचा कोरस सुरू केला. तो अजून गातोय. या देशात इतकी वर्षं टिकलेला दुसरा स्त्रीवादी कोरस नाही. १९७५ म्हणजे तेच आंतरराष्ट्रीय महिला वर्ष, ज्या वर्षी पुण्यात स्त्रीमुक्तीची मोठी परिषद भरली आणि मुंबईत स्त्री मुक्ती संघटना सुरू झाली. म्हणजे 'हे इकडचं फॅड आहे' वगैरे जे कुणीतरी मीटिंगमध्ये म्हणालं, त्यांनी तारखा जरा बघाव्यात, दोन्हीकडे एकाच वर्षी बायका एकत्र आल्या होत्या आणि दोन्हीकडे त्या गात होत्या.

तर कोरस जमला, पण गायचं काय? हा प्रश्न बाहेरून साधा वाटतो. बायकांच्या आवाजांसाठी छापलेलं कोरसचं म्युझिक तेव्हा मिळायचं ते बहुतेक मुलींच्या शाळांसाठी आणि चर्चसाठी लिहिलेलं, फुलं, वसंत ऋतू, देवदूत, नाहीतर कुणाची तरी वाट बघणारी नायिका, आणि लिहिणारे जवळपास सगळे पुरुष. चाळीस-पन्नास वर्षांच्या, नोकरी करून दमून तालमीला येणाऱ्या बायकांनी ते किती वेळ गायचं? मग या बायका शोधायला लागल्या. बाराव्या शतकातली जर्मन मठात राहून संगीत रचणारी हिल्डेगार्ड सापडली. फॅनी मेंडेल्सोन सापडली, जिची काही गाणी तिच्या भावाच्या, फेलिक्सच्या, नावावर छापली गेली होती, आणि १८४२ मध्ये व्हिक्टोरिया राणीने त्याच्यासमोर त्याचं म्हणून आवडतं गाणं गायलं तेव्हा त्याला कबूल करावं लागलं की हे माझं नाही, माझ्या बहिणीचं आहे. इंग्लंडची संगीतकार एथेल स्मिथ सापडली, जी मतदानाच्या हक्कासाठी खिडकीच्या काचा फोडून १९१२ मध्ये लंडनच्या हॉलोवे तुरुंगात गेली, आणि खाली अंगणात बाकीच्या कैदी बायका तिचं गाणं म्हणत फेऱ्या मारत होत्या तेव्हा तिने वरच्या खिडकीतून टूथब्रश हलवून त्यांना कंडक्ट केलं. ही एथेल बायकांवर प्रेम करायची आणि ते लपवत नव्हती. आता तिचं गाणं ठेवायचं आणि ती कोण होती ते खोडायचं, हे कसं जमवायचं ते मला सांगा.

आणि जुनं पुरेना म्हणून नवीन लिहून घेतलं. पैसे जमवून बायकांकडून चाली करून घ्यायच्या, हाताने लिहिलेल्या नोटेशनच्या झेरॉक्स काढायच्या आणि दुसऱ्या गावच्या कोरसला पोस्टाने पाठवायच्या, यातूनच पुढे या कोरसचं 'सिस्टर सिंगर्स नेटवर्क' झालं. आमच्या फोल्डरमध्ये अशी एक झेरॉक्स आहे, झेरॉक्सची झेरॉक्स तिची झेरॉक्स, त्यात ऑल्टोची, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाची, ओळ मधेच दोन घरं पुसट होऊन गायबच होते आणि तिथे कुणीतरी बॉलपेनने सूर लिहून ठेवलेत, त्यावर दुसऱ्या कुणीतरी पेन्सिलने 'इथे श्वास घेऊ नका!!' असं लिहिलंय, आणि त्याखाली तिसऱ्या अक्षरात 'मग मरायचं का'. या बायका कोण होत्या ते आम्हाला माहिती नाही. पण त्या जागी आम्ही श्वास घेत नाही.

शिकागोत 'आर्टेमिस सिंगर्स' आहे, १९८० च्या आसपास सुरू झालेला, स्वतःला उघडपणे लेस्बियन फेमिनिस्ट कोरस म्हणवणारा. त्यांचा नियम असा की गाणं बाईने रचलेलं किंवा बाईने अरेंज केलेलं असेल तरच म्हणायचं. मला विचाराल तर हा नियम जरा कडकच आहे, काही फार सुंदर गोष्टी हातच्या जातात, पण तो नियम होता म्हणून तर कित्येक जणींनी चाली करायला घेतल्या हेही खरं. आणि यांच्यात सगळं चर्चेने ठरवायची पद्धत! आमच्याकडे पण तेच. एका गाण्यावर एकमत व्हायला आमच्या कोरसमध्ये जेवढा वेळ जातो तेवढ्यात आपल्या मंडळाची वार्षिक सर्वसाधारण सभा आटपते, गणसंख्येअभावी तहकूब होऊन अर्ध्या तासाने परत भरण्यासकट.

पण कॉन्सर्ट कसा करायचा हे या बायकांनी नव्याने ठरवलं, त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. तिकीट परवडेल तसं, जिला जमेल तिने जास्त द्यावं, नसेल जमत तर कमी. लहान मुलांना सांभाळायला शेजारच्या खोलीत माणसं, म्हणजे एकट्या आईलाही येता यावं. व्हीलचेअरला जागा पुढे, मागच्या दाराजवळ नाही. आणि स्टेजवर साइन लँग्वेजमध्ये गाणं सांगणारी बाई, हॉली निअरसारखी गायिका तिला घेऊन गावोगाव दौरे करायची, ते बघून बायकांच्या कॉन्सर्टमध्ये ही पद्धतच पडून गेली. आपल्या गणपतीला जिना चढून पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये जावं लागतं म्हणून जोशी आजी येत नाहीत, आणि 'फॅमिली ऑडियन्स' आपला.

आता तुम्ही खोडलेल्या मुलांच्या ताब्याच्या ओळीकडे येते. ती ओळ तुम्हाला उगाच पॉलिटिकल वाटली असेल. सत्तर-ऐंशीच्या दशकात घटस्फोट झालेली बाई दुसऱ्या बाईबरोबर राहते एवढं कोर्टात सिद्ध झालं की मूल तिच्याकडून जायचं, बऱ्याचदा दुसरं काहीही कारण न लागता. आणि फार जुनंही नाही, १९९३ मध्ये व्हर्जिनियात शॅरन बॉटम्स नावाच्या बाईचा छोटा मुलगा कोर्टाने तिच्याकडून काढून घेतला आणि तिच्या आईकडे दिला, आईनेच केस केली होती. आजी विरुद्ध मुलगी. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी शिक्षकांना शाळांतून काढण्याचा प्रस्ताव मतदानाला आला होता, तो पडला म्हणून वाचले. अशा दिवसांत कोरसमध्ये गाणारी बाई शाळेत टीचर असेल, नर्स असेल, किंवा तिची केस चालू असेल तर छापील प्रोग्रॅममध्ये नाव कसं द्यायचं? म्हणून कित्येक कोरसच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये नुसती पहिली नावं असतात, आणि काही जणी तर नाव नकोच म्हणायच्या. पण कोरस स्वतःचं नाव लपवत नव्हता! गाणारीने आपलं आडनाव झाकायचं आणि पोस्टरवर मात्र कोरसबद्दल सगळं स्वच्छ लिहायचं, म्हणजे जी बाई घाबरून घरात बसलीये तिला कळेल की कुठे यायचं. ऑरेगनमध्ये १९८६ पासून 'पोर्टलंड लेस्बियन क्वायर' आहे, नावातच सगळं आलं, आणि १९९२ मध्ये त्याच राज्यात मतदानाला प्रस्ताव आला की सरकारने समलैंगिकता अनैसर्गिक आणि विकृत आहे असं धोरण ठेवावं. पडला तो, पण त्या वर्षी ते नाव छापलेलं पोस्टर दुकानाच्या काचेवर लावणं म्हणजे काय असेल याचा विचार करा. आणि आपल्याला काय त्रास आहे? हॉलमध्ये चार जणं एकमेकांकडे बघतील.

रोमा बाई पुढे शिकायला सिनसिनाटीला आल्या आणि तिथे १९८४ मध्ये त्यांनी 'म्यूझ' हा बायकांचा कोरस काढला, जवळजवळ तीस वर्षं चालवला. सिनसिनाटी तुम्हाला माहितीये, ओहायो, आपली निम्मी मंडळी कामासाठी तिथे येऊन-जाऊन असतात. त्या गावात १९९० मध्ये समलिंगी फोटोग्राफर मेपलथॉर्पच्या फोटोंचं प्रदर्शन लावलं म्हणून म्युझियमवर आणि त्याच्या डायरेक्टरवर अश्लीलतेचा खटला भरला होता (सुटले). १९९३ मध्ये तिथल्या मतदारांनी शहराच्या चार्टरमध्ये, म्हणजे शहराच्या घटनेतच, कलम घालून टाकलं की समलिंगी लोकांना भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा शहराला करताच येणार नाही. ते कलम २००४ पर्यंत तिथे बसून होतं. म्हणजे त्यातली बरीच वर्षं म्यूझच्या बायका ज्या शहरात गात होत्या त्या शहरात त्यांच्यातल्या कितीतरी जणींना 'तू अशी आहेस' म्हणून घराबाहेर काढलं असतं तर शहराकडे दाद मागायची सोय नव्हती. कोरस बंद पडला नाही आणि 'फक्त छान गाणी म्हणू' असंही कुणी म्हणालं नाही. पुढे याच सिनसिनाटीच्या जिम ओबर्गफेलची केस सुप्रीम कोर्टात गेली, त्याच्या वारलेल्या जोडीदाराच्या डेथ सर्टिफिकेटवर याचं नाव लावायला ओहायो तयार नव्हतं, आणि त्या निकालाने २०१५ मध्ये देशभर लग्नाचा हक्क मिळाला. तो कोरसमुळे मिळाला असं काही मी म्हणत नाहीये. पण अशा शहरात, अशा वर्षांत, दर सीझनला लोकांना एका हॉलमध्ये बोलावून उजेडात बसवणं हे छोटं काम नव्हतं.

अजून एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. या कोरसमध्ये सुरुवातीला गोऱ्या बायकाच जास्त, आणि कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली गाणी सगळ्यांना म्हणायला आवडायची, कोणाला नाही आवडणार. मग प्रश्न आला की ज्यांची गाणी आहेत त्या बायका कोरसमध्ये का नाहीत? इकडे वॉशिंग्टनमध्ये १९७३ पासून 'स्वीट हनी इन द रॉक' हा कृष्णवर्णीय बायकांचा ग्रुप होता, तो काढणाऱ्या बर्निस जॉन्सन रेगन साठच्या दशकात नागरी हक्कांच्या चळवळीत तुरुंगात गेलेल्या, तिथेही गायलेल्या. त्यांच्याकडून हे सगळे कोरस शिकले की गाणं उचललं की त्याच्यामागचा हिशोबही उचलावा लागतो. म्यूझने वंशभेदाविरुद्धचं काम कोरसच्या उद्दिष्टातच घातलं, वेगवेगळ्या रंगाच्या बायका एकत्र गायला लागल्या, आणि २००१ च्या एप्रिलमध्ये एका निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलाला पोलिसांनी गोळी घातल्यावर सिनसिनाटी पेटलं तेव्हा त्या शहरात असं एकत्र उभं राहणारं जे थोडंफार होतं त्यात हा कोरस होता. रोमा बाईंनी तर १९९३ पासून ओहायोच्या तुरुंगात पुरुष कैद्यांचाही कोरस चालवला.

आता कुणीतरी म्हणेल की हे सगळं ठीक आहे पण आपली संस्कृती. बरं. मंगळागौर आपण दरवर्षी दणक्यात करतो, त्यात काय असतं? रात्रभर फक्त बायका, गाणी, झिम्मा, फुगड्या, आणि सासूच्या नावाने जाहीर शंख, नवरे घरी आमटी गरम करून जेवतात. मला तर तो आपला सगळ्यात जुना स्त्रीवादी कॉन्सर्ट वाटतो, पण हे छापलंत तर तेही खोडाल. जात्यावरच्या ओव्या घ्या, हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी खेड्यापाड्यांतून त्या एक लाखावर गोळा केल्या, त्यात भाऊ आणि पंढरी आहे तसा मारही आहे, छळही आहे, आणि ज्या बाईने ती ओवी गायली तिचं नाव, गाव, सगळं जपून लिहिलेलं आहे. कुणी म्हणालं नाही की ओव्या छान आहेत, बायांची माहिती काढा. स्त्री मुक्ती संघटनेच्या ज्योती म्हापसेकरांनी १९८३ मध्ये नाटक आणलं, मुलगी झाली म्हणून तोंड पाडणाऱ्या घराबद्दल, सगळं गाण्यांतून, खेडोपाडी प्रयोग झाले, त्यातलं गाणं तुमच्यातल्याच एका काकूंनी मागच्या कोजागिरीला म्हटलं आणि आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि बाईवर प्रेम करणारी बाई म्हणाल तर तेंडुलकरांनी १९८१ मध्येच तिला मराठी नाटकात मध्यभागी उभी केली. मुंबईत लेस्बियन आणि बायसेक्शुअल बायकांचा गट १९९५ पासून आहे, पहिलं नाव 'स्त्री संगम', त्यात मराठी बोलणाऱ्या बायका होत्या आणि आहेत. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा ३७७ कलमातला भाग सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ ला रद्द केला, तेव्हा मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज नव्हता. त्याच दिवशी उकडीच्या मोदकांवर मात्र शंभरेक मेसेज होते, मोदक माझेही आवडते आहेत, तो मुद्दा नाही.

मुद्दा हा आहे की त्या मुली आपल्यातच आहेत. ज्यांनी आपल्या स्टेजवर लहानपणी 'नाच रे मोरा' केलं आणि कॉलेजला गेल्यावर ज्या परत आल्याच नाहीत, त्या सगळ्या काही अभ्यासात बिझी नाहीयेत. त्यांच्या आया येतात, दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसतात, "काय म्हणते लेक" असं कुणी विचारलं की "मजेत" म्हणून पर्समध्ये काहीतरी शोधतात. त्या परिचय ऐकतात. चहा घेत नाहीत त्या वेळी.

आणि हो, समितीत अशीही चर्चा झाली म्हणे की ही बाई स्वतः 'तशी' आहे का, नवरा तर आहे तिला. त्याचं उत्तर मी देणार नाहीये, माझ्या नवऱ्यालाही विचारू नका, तो लाजेल. कोरसमध्ये मला हे आजवर कुणी विचारलेलं नाही, पहिल्या दिवशी विचारलं ते एवढंच की आवाज कुठला. सेकंड ऑल्टो.

तर आता काय करायचं ते सांगते. परिचय जसा पाठवला तसा पूर्ण वाचला जाईल, मधली एकही ओळ न गाळता, आणि तो निवेदकाने वाचायला लाज वाटत असेल तर मी वाचते, मराठीत वाचते, माझे उच्चार चांगले आहेत. नाहीतर आम्ही येत नाही. पहिलं वाक्य ठेवून यादी काढू किंवा यादी ठेवून पहिलं वाक्य काढू असलं मधलं काही सुचवू नका, आमच्या डायरेक्टर बाईंना मी ते सांगणारच नाही. हे रागाने लिहीत नाहीये, दिवाळीला फराळ घेऊन नेहमीसारखी येईनच. फक्त निर्णय काय तो मीटिंगच्या मिनिट्समध्ये लिहा, कोण काय म्हणालं त्यासकट, फोनवर नको. आमच्याकडे प्रत्येक कॉन्सर्टचा प्रोग्रॅम फाइल केलेला असतो, कुठल्या कार्यक्रमाला बोलावलं आणि का झाला नाही तेही, आणि या वेळचं पान अजून कोरं आहे. शुक्रवारी पत्रिका छापायला जाते ना? मग गुरुवारपर्यंत कळवा.

कळावे, लोभ आहेच,
तुमचीच एक आजीव सभासद

ता.क. कार्यक्रम ठरलाच तर एक करावं लागेल. आमच्या साइन लँग्वेजवाल्या बाई स्टेजच्या डाव्या हाताला उभ्या राहतात, त्यांच्यावर वेगळा लाइट लागतो. तिथे आपली दरवेळी समई आणि रांगोळी असते. ती उजवीकडे घ्यायला डेकोरेशनवाल्या वहिनींना आधीच सांगून ठेवा, ऐन वेळी त्या ऐकत नाहीत.